गॅदरिंगला हजेरी नसते

राजूरला डिसेंबर लागला की संध्याकाळी चुन्याच्या भट्ट्यांचा धूर खाली उतरतो आणि शाळांच्या अंगणांतून एकाच गाण्याची तालीम दहा-दहा वेळा ऐकू येते. वणी तालुक्यातलं हे आमचं गाव कोळशावर आणि चुन्यावर उभं राहिलं. खाण आली म्हणून माणसं आली. कुणी तेलंगणातून, कुणी छत्तीसगडातून, कुणी पार उत्तर प्रदेश-बिहारातून. आमच्या वर्गाची हजेरी घेताना सरांना तीन-चार भाषांतली आडनावं वाचावी लागत, आणि ते ती नीट, न अडखळता वाचत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याशी वाद आहे.

यंदा गावी गेलो तेव्हा सरांच्या ओसरीत हा वाद रंगात आला होता. सर इथल्याच एका शाळेतून निवृत्त झाले. तीस वर्षं शाळेचं गॅदरिंग त्यांच्याकडे होतं. समोर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. ती आता वणीच्या कोर्टात वकिली करते. वडील खाणीत, लहानपण कॉलरीच्या क्वार्टरमध्ये. दोघांचीही नावं इथे नकोत, गाव लहान आहे.

निमित्त एका मुलीचं होतं. मारेगाव रस्त्याकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, आठवीतली. तिला देशभक्तीच्या गाण्यावरच्या नाचात घ्या म्हणून ती बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, तू आदिवासी नृत्यात ये, तिथे शोभशील. मुलगी घरी गेली आणि नंतर तालमीला आलीच नाही. चार दिवसांनी तिचा बाप वणीला वकीलबाईच्या टेबलापाशी उभा राहिला. केस होते का, एवढंच त्याने विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"सांगितलं, बघते म्हणून. सर, कुणी समोर येऊन बोलायला लागलं की मला कलम आठवतं. या वेळी आठवेना."

"आठवणार कसं? गुन्हाच नाही तर. त्या बाईच्या मनात काय वाईट होतं? आदिवासी नृत्य म्हणजे काय खालच्या दर्जाचं असतं? मी स्वतः बसवलंय स्टेजवर. लोकांनी पुन्हा करायला लावलं होतं."

"तेव्हा पोरांना घातलं काय होतं, सर?"

सर थोडे थांबले. "पाला. डोक्याला पिसं. वणीहून भाड्याने आणायचो."

"तिची आई लुगडं नेसते. बाप पॅन्ट-शर्ट घालतो. त्यांच्या पोडावर पिसं लावून कोण हिंडतं? त्या पोरीला नाचायचं होतं, आणि तुम्ही तिला म्हणता तू आदिवासी हो. ती आहेच की. चोवीस तास आहे. तिला दहा मिनिटं दुसरं काही व्हायचं होतं."

हे ऐकून मला जागच्या जागी चुळबूळ झाली. आमच्या वेळी सरांनी बसवलेल्या नाटकात सलग तीन वर्षं राजाची भूमिका मला मिळाली होती. मी काही मोठा नट नव्हतो. उच्चार स्वच्छ होते, रंग उजळ होता आणि घर शाळेपासून पाच मिनिटांवर होतं. तेव्हा मला वाटे, मी निवडला गेलो.

सर म्हणाले, "बेटा, तू वकील झालीस म्हणून तुला सगळीकडे अन्याय दिसतो. मी तुला खरं कारण सांगतो. गरिबी. ड्रेसला पैसे लागतात, मेकअपला पैसे लागतात, तालीम सहापर्यंत चालते आणि पोडाकडची शेवटची एसटी त्याआधी निघून जाते. त्याला जात कशाला लावायची? आणि तू तर परवा वंशभेद म्हणालीस. तो अमेरिकेचा शब्द. आपल्याकडे कुठला वंशभेद?"

"घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, अशी यादी आहे. वंश हा शब्द बाबासाहेबांच्या समितीने तिथे ठेवला तो शोभेला नाही. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद झाली तेव्हा आपल्या सरकारने सांगितलं, जात म्हणजे वंश नव्हे. कायद्याच्या भाषेत तो वाद चालू दे. पण कोलाम पोराला शाळेत काय चिडवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. रंगावरून चिडवतात. घरी कोलामी बोलतो म्हणून चिडवतात, मराठीत हेल येतो म्हणून हसतात. त्याला कोणतं नाव द्यायचं, तुम्हीच सांगा."

सरांनी नाव सांगितलं नाही. ते उठून आत गेले, चहा सांगून आले.

महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या आदिवासी जमाती तीन: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची मोठी वस्ती आमच्याच जिल्ह्यात, वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या पट्ट्यात. त्यांच्यासाठी पांढरकवड्याला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, योजना आहेत. एवढं असून गावातल्या शाळेच्या स्टेजवर कोण चढणार हे अजून एका माणसाच्या नजरेवर ठरतं. त्याचा कागद कुठेच नसतो. मला या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट टोचत राहिली.

चहा आला. वकीलबाई आपल्या विषयावर आली आणि बोटांवर मोजत एकेक कायदा सांगू लागली. मला वाटलं होतं ती कायद्याची बाजू लढवेल. तिने आधी कायद्याची भोकंच दाखवली.

"१९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा घ्या. त्यात शाळेबद्दल चांगलं कलम आहे. प्रवेश नाकारला तर गुन्हा, आणि प्रवेश दिल्यावर भेदभावाची कोणतीही कृती केली तरी गुन्हा. एक महिना ते सहा महिने कैद. पण कधी? अस्पृश्यतेच्या कारणावरून केलं असेल तर. माझ्यासारखीला तो लागू. या पोरीला नाही, ती अनुसूचित जमातीची. मग ॲट्रॉसिटीचा कायदा, १९८९ चा. २०१६ पासून त्यात सुधारणा लागू झाली, शाळेत जाण्यापासून अडवणं हाही गुन्हा झाला. पण हिला शाळेत कुणी अडवलं? ती रोज जाते. फाटक उघडंच आहे."

"म्हणजे मी म्हणतो तेच."

"थांबा ना सर. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर सरळ लिहिलंय. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांशी पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, अभ्यासेतर उपक्रम, खेळ यांत कसलाही दुजाभाव करायचा नाही. अभ्यासेतर उपक्रम हे शब्द नावानिशी आहेत. मी वाचून उडालेच होते. पण ही २५ टक्क्यांतली नाही. हिच्या शाळेसाठी आहे ती सर्वसाधारण जबाबदारी: स्थानिक प्राधिकरणाने भेदभाव होऊ देऊ नये. तक्रारही त्यांच्याचकडे. त्यांनी तीन महिन्यांत निकाल द्यायचा, तो पटला नाही तर बालहक्क आयोगाकडे अपील. तीन महिन्यांत गॅदरिंगचा मांडव निघून परीक्षेच्या बेंच लागलेल्या असतात. आणि जूनमध्ये ती नववीत गेली की हा कायदा आठवीपर्यंतच होता."

ती हसली नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तीन कायदे आहेत सर, आणि पोरगी तिन्हींच्या मधल्या फटीत उभी आहे."

सरांचा चेहरा या वेळी मऊ झाला होता. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडण्यासारखाही नव्हता.

"मग एक गोष्ट ऐक. मी कुठली शाळा ते सांगत नाही. तिथे एका बापाने तक्रार केली. पोराला कबड्डीच्या संघात घेतलं नाही म्हणून. बाप खरा होता, मी मानतो. पोलीस आले, चौकशी झाली, पेपरात आलं. पीटीच्या सरांनी बदली मागून घेतली. पुढची तीन वर्षं त्या शाळेने कबड्डीचा संघच पाठवला नाही. नकोच ती भानगड, म्हणाले. आणि सगळी पोरं त्या एका पोराकडे बोट दाखवायची, याच्यामुळे आपली कबड्डी गेली. त्याने शाळा सोडली. आता सांग, कायद्याने त्याला काय दिलं? मी कायद्याला घाबरत नाही. मास्तर घाबरला की तो पहिल्यांदा काय बंद करतो ते मी पाहिलंय. तो गणित बंद करत नाही, गॅदरिंग बंद करतो."

"तुमची भीती खोटी नाही," ती लगेच म्हणाली. "अमेरिकेत हेच झालंय. मिसिसिपीत जॅक्सन नावाचं शहर आहे. तिथल्या पोहण्याच्या तलावांत काळी आणि गोरी मुलं वेगळी पोहायची. कोर्टाने सांगितलं, असं वेगळं ठेवता येणार नाही. शहराने तलावच बंद केले, सगळ्यांसाठी. लोक पुन्हा कोर्टात गेले. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, सगळ्यांसाठीच बंद केले, म्हणजे भेदभाव झाला नाही."

"बघ."

"आणि जॉर्जियाचं ऐका. १९५४ मध्येच निकाल आला की वेगळ्या शाळा चालणार नाहीत. पोरं एका वर्गात आली. पण दहावी-बारावीच्या निरोपाला होतो तसा तिथे नाचाचा समारंभ असतो. तो काही गावांत शाळेने करणं सोडून दिलं. मग पालकांनी खासगीत भरवला, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. शाळा म्हणाली, आमचा काय संबंध? विल्कॉक्स काउंटीत २०१३ मध्ये पोरापोरींनीच पैसे जमवून पहिला एकत्र समारंभ केला. निकालाला एकोणसाठ वर्षं होऊन गेली होती. वर्गात कायदा पोचला आणि नाचाच्या हॉलच्या पायरीवर थांबला."

"म्हणून म्हणतो, माणसं बदलावी लागतात. कायदा तिथे पुरा पडत नाही. आपलं उदाहरण घे. पळवणकर बाळू. चांभाराचं पोरगं, पुण्याच्या क्लबात मैदानाची राखण करणारं. त्याच्यासाठी कुठला कायदा होता? चेंडू असा टाकला की सवर्णांना त्याला संघात घ्यावंच लागलं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले त्याने. गुणाला कोण अडवतं?"

मी वकीलबाईकडे पाहिलं. हा सरांचा आवडता दाखला, आम्ही शाळेत शंभरदा ऐकलेला. ती मात्र तयारच होती.

"त्याच बाळूला चहा कुठे मिळायचा, सर?"

सर काही बोलले नाहीत.

"पॅव्हिलियनच्या बाहेर. वेगळ्या भांड्यात. चेंडू टाकायला मैदानात, चहाला बाहेर. आणि एवढा मोठा गोलंदाज, हिंदूंच्या संघाची कप्तानी त्याला कधी दिली नाही. १९२० मध्ये त्याच्या भावांनी याच अपमानापायी संघातून माघार घेतली, सभा झाल्या, लोक बोलले. तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकटा विठ्ठल कप्तान झाला. गुणाने बाळूला मैदानात नेलं, कबूल. कप्तानी भांडून मिळाली. आणि हा तर शंभर वर्षांतून एकदा होणारा बाळू! माझ्या या पोरीला साधं तिसऱ्या रांगेत उभं राहून नाचायचं आहे. तिने त्यासाठी शंभर बळी घ्यायचे का?"

ओसरीत जरा वेळ कुणी बोललं नाही. रस्त्यावरून कोळशाचा एक ट्रक गेला, सरांनी सवयीने चहावर ताटली झाकली.

इथे मला माझं मत सांगायचं आहे. अभ्यासेतर हा शब्दच आपल्याला फसवतो. जे अभ्यासाच्या पलीकडचं ते वाढीव, मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी चालेल, असं आपण धरून बसतो. पण दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे मिळतात, लोककलेचे मिळतात. शासनाच्या नोकरीत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तालुक्याच्या स्पर्धेला कोण जाणार हे सातवीत एका मैदानावर ठरतं आणि त्याचा हिशेब बावीस-तेविसाव्या वर्षी लागतो. ज्याला कधी माइक मिळाला नाही तो मुलाखतीच्या टेबलासमोर पहिल्यांदा माइकसारखं काहीतरी पाहतो. आणि हे गुणाचं, नोकरीचं बाजूला ठेवलं तरी आनंद नावाची गोष्ट उरतेच. वर्षातून एक संध्याकाळ सगळं गाव तुमच्याकडे पाहतं. ती कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या येत नाही, हा किरकोळ प्रश्न मला वाटत नाही.

"तुला स्टेज कुणी दिलं?" सरांनी अचानक तिला विचारलं. "तू तर चांगली बोलायचीस."

"भीमजयंतीने. शाळेने नाही, सर. तुम्ही रागावू नका. १४ एप्रिलला कॉलरीत आमच्या वस्तीत मंडप पडायचा. पाच वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना भाषण करावंच लागायचं. चुकलं तरी टाळ्या. मी चौथीत असताना बाबासाहेबांच्या शाळेतल्या पाण्यावर बोलले होते. शिपाई नसला की त्यांना पाणी मिळत नसे, ते. बोलता बोलता रडले, तर बाया म्हणाल्या, बोल बाई, थांबू नको. तिथे मला आवाज मिळाला. मग तुमच्या वक्तृत्व स्पर्धेत मी उभी राहिले, तुम्ही नंबर दिलात. आमच्यामागे वस्ती होती. त्या पोडावरच्या पोरीचं आमच्या शाळेत कोण आहे? वीस घरांचा पोड. शाळा व्यवस्थापन समितीत तिचा बाप आहे म्हणे, कागदावर. सभेला आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते."

"मी पैसे भरलेत गं," सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "सहलीचे भरलेत. ड्रेसचे भरलेत. कुणाला न सांगता. किती पोरांचे, ते मोजलंही नाही."

"मला माहीत आहे. एका वर्षी माझेही तुम्हीच भरले होते. आईने मला नंतर सांगितलं."

सरांनी मान वर केली नाही.

"म्हणून तर तुमच्याशी बोलते आहे, सर. दुसऱ्या कुणाशी बोलले नसते. पण तुमच्या खिशातून आलेली सहल तुम्ही निवृत्त झालात तशी निवृत्त झाली. आज तिथे ज्या बाई आहेत त्या वाईट नाहीत. त्यांना फक्त ती पोरगी दिसली नाही, तिचा आदिवासी दिसला. आणि त्यांना कुणी विचारणार नाही, कारण विचारायला कागदच नाही. वर्गात रोज हजेरी होते. एक पोरगं चार दिवस आलं नाही तर मास्तर घरी जातो. गॅदरिंगला हजेरी नसते."

"मग करणार काय? केस?"

"केस नाही करणार. या वेळी नाही. बाप मजूर आहे, पोरीला अजून दोन-अडीच वर्षं तिथेच शिकायचंय. तुमच्या कबड्डीवाल्या पोराची गत मला तिची करायची नाही. पण कायदा मी सोडतही नाही. मी शाळेला एक पत्र लिहिणार. शिक्षण हक्क कायद्याचा हवाला देऊन. एवढंच मागणार की जे काही निवडीचं असेल, नाच, नाटक, संघ, सहल, त्याचं एक पान ठेवा. कुणाला विचारलं, कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं, कुणाला घेतलं, का घेतलं. पोलीस नको, पेपर नको."

"मास्तरांकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. पोषण आहाराचं, वजन-उंचीचं, ऑनलाइन माहितीचं. तू त्यात आणखी एक घालणार. ते शेवटच्या दिवशी बसून भरतील, सगळ्यांपुढे टिकमार्क."

"भरू देत. खोटं भरायलासुद्धा त्या पोरीचं नाव एकदा लिहावं लागेल. नावापुढे कारण लिहिताना हात थोडा थांबेल."

हे सरांना पटलं की नाही, मला सांगता येत नाही. मला स्वतःला ते निम्मं पटलं. कागदाने माणूस बदलत नाही, हे सरांचं म्हणणं मी नाकारू शकत नाही. पण सरांसारखा माणूस प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्षी असेलच, यावर मी त्या मुलीचा डिसेंबर सोडायला तयार नाही.

वकीलबाईने पिशवीतून वही काढली आणि मांडीवर ठेवून रेघा मारल्या. नाव. विचारलं का. काय म्हणाली. निवड. कारण. सरांनी चष्मा लावला, वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. मग तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि शेवटी आपल्या वळणदार अक्षरात आणखी एक रकाना घातला: तालमीनंतर घरी कशी जाणार.

"हा नसला तर बाकीच्यांचा उपयोग नाही," ते म्हणाले.

त्यांच्या मागे भिंतीवर आमच्या गॅदरिंगचे फोटो आहेत, वर्षवार, काचेत. निघताना मी माझ्या वर्षाच्या फोटोपाशी थांबलो. मधोमध मी, पुठ्ठ्याचा मुकुट घालून. आजूबाजूला प्रधान, सेनापती, भालदार-चोपदार. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिथे लाल पडद्याची घडी दिसते आणि दोरीवर एक हात दिसतो, कोपरापर्यंत. बाकीचा मुलगा चौकटीबाहेर आहे. तिन्ही वर्षं पडदा त्यानेच ओढला, कारण तो कधी चुकत नसे.

"पोडावरचा होता," सर म्हणाले. "हजेरीत तुझ्यानंतर दोन-तीन नंबरांनी. नाव..."

त्यांना आठवलं नाही. मलाही नाही. मी हजेरीचा क्रम मनात म्हणून पाहिला, माझं नाव आलं, पुढची दोन आली आणि मग सूर तुटला. नाटक संपायला रात्रीचे दहा वाजत, एसटी केव्हाच गेलेली असे. पडदा पाडून, दोरी गुंडाळून ठेवून तो घरी कसा जात होता, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वकीलबाईने वही अजून मिटली नव्हती.